मोरेबाईंची खिरापत

मोरेबाईंच्या शोकसभेत तीन जण बोलले आणि तिघांनीही एकेक वाक्य अर्धं सोडलं. पहिले म्हणाले, "त्या काळात, अशा घरातून... म्हणजे अशा परिस्थितीतून..." आणि पाणी प्यायले. दुसऱ्या बाई म्हणाल्या, "आम्हाला तर कधी वाटलंच नाही हो, की त्या..." आणि डोळ्यांना पदर लावला. तिसरे "समाजातून येऊनसुद्धा" इथपर्यंत पोचले आणि एकदम हवामानाकडे वळले. मी मागच्या ओळीत. मला हसू आवरेना. शेजारी बसलेल्या नातीने कोपर मारलं. "आजी, लोग देख रहे हैं. रडत असशील तर नीट रड ना."

तर त्या तिघांची वाक्यं आधी पुरी करून टाकते. इंदुमती मोरे जन्माने महार होत्या. वडिलांनी बौद्ध धर्म घेतला, तेव्हापासून घर बौद्ध. ग्वाल्हेरमध्ये मुरारला राहायच्या, शहराच्या लश्कर भागातल्या आमच्या मराठी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या आणि पुढे तिथेच मुख्याध्यापिका झाल्या. झालं. एवढं म्हणायला मला काही त्रास झाला नाही. मात्र पंचविसाव्या वर्षी झाला असता. पंचविसाव्या वर्षी मी फार पुरोगामी होते.

मी शाळेत लागले त्याच वर्षी शिक्षकांच्या खोलीत पाहिलेला प्रसंग. मोरेबाईही माझ्या थोड्याच आधी लागलेल्या. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला नवीन मराठी माणूस भेटला की पहिल्या पाच मिनिटांत त्याला कुठल्या तरी फळीवर ठेवल्याशिवाय चहा गोड लागत नाही. मोरे या आडनावाने सगळ्यांची पंचाईत केली होती. फौजेतल्या मराठा घराण्यांत मोरे आहेत, आणखीही कुठे कुठे आहेत. जोशीबाई संस्कृत शिकवायच्या, जिभेवर साखर असलेली बाई. त्यांनी विषय काढला.

"मोरे म्हणजे तुम्ही... कुठल्या?"

"मुरारच्या."

"ते झालं हो. मूळच्या?"

"साताऱ्याकडच्या. पूर्वज फौजेबरोबर आले."

"अय्या, आमचेही फौजेबरोबरच. पण म्हणजे मोऱ्यांमध्ये ना, दोन... म्हणजे तसं काही नाही, पण आपलं..."

मोरेबाईंनी हातातली वही मिटली, खुर्ची जोशीबाईंकडे वळवली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "वाक्य पुरं करा ना. मी थांबते."

आणि खरंच थांबल्या. चेहऱ्यावर राग नाही, छद्मीपणा नाही. वर्गात एखादी मुलगी उत्तर देताना अडली की बाई जशा थांबतात तशा. जोशीबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि शेवटी मोरेबाईंना विचारलं की तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं. मोरेबाईंनी वेळ सांगितली आणि वही उघडली.

ही त्यांची पद्धत. पुढे कित्येक वर्षं पाहिली. जात त्या लपवत नव्हत्या, सांगतही नव्हत्या. ज्याला हवी असेल त्याने तोंडाने विचारावी, एवढंच म्हणणं. आणि आमच्या लोकांची गंमत अशी, की जात पाळायला आम्हाला लाज वाटत नव्हती, तिचं नाव घ्यायला वाटत होती. हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. मला एकदा म्हणाल्या, "सरोज, अर्ध्या वाक्याला कधी उत्तर देऊ नये. दिलं की उरलेलं अर्धं आपल्या तोंडून निघतं. मग ते म्हणायला मोकळे, आम्ही कुठे काय बोललो, बाईच बोलल्या."

दिसायला म्हणाल तर बारीक, काटक. खळीच्या सुती साड्या आणि बाराही महिने छत्री. थंडीत छत्री कशाला, असं विचारलं की म्हणायच्या, "टेम्पोत जागा करायला." माणसं कोंबून नेणाऱ्या ग्वाल्हेरच्या टेम्पोत जे बसले आहेत त्यांना हे वेगळं समजावायला नको. खडूचा तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून पर्समध्ये ठेवायच्या, कारण शाळेचे खडू ओले असतात असा त्यांचा पक्का समज होता. फळ्यावर भारताचा नकाशा एका रेघेत काढायच्या, हात न उचलता. फक्त गुजरातपाशी थोडा गोंधळ व्हायचा.

थंडीत मुरारहून गजक आणायच्या. तिळाची, पातळ, कुडुम वाजणारी. मधल्या सुट्टीच्या आधी पुडा उघडून टेबलाच्या मधोमध ठेवायच्या आणि स्वतः बाहेर निघून जायच्या. घंटेनंतर परत येईपर्यंत पुड्यात चार तीळ उरलेले असायचे. खोलीतले सगळे तोंड पुसून वर्तमानपत्र वाचत असायचे. मी एकदा म्हटलं, "तुम्ही थांबत का नाही? सगळ्यांना हातात द्या की." त्या म्हणाल्या, "हातात दिली तर नको म्हणतात. मग ती वाया जाते. माझी पाठ वळली की त्यांचा धर्म शाबूत राहतो आणि गजकही संपते. दोघांचं काम होतं."

आता माझं सांगते, म्हणजे त्या वेळची मी किती शहाणी होते ते कळेल. आमचे पूर्वज त्याच फौजेबरोबर त्याच रस्त्याने दक्षिणेतून आले, ज्या रस्त्याने मोरेबाईंचे आले. त्यांचे तोफा ओढत आले, आमचे पालखीत बसून त्या तोफांच्या तेलाचा खर्च लिहीत आले. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, पण विषमता वाईट, हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि मला पाठ होतं. तेव्हा मी ठरवलं की मोरेबाईंच्या घरी जेवायला जायचं. स्वतःच ठरवलं, त्यांना नंतर कळवलं. गेले. त्यांच्या आईने ज्वारीच्या भाकरी आणि मेथीची भाजी केली होती. मी अशी जेवले की जणू प्रत्येक घासाला इतिहास घडत होता. आईंनी आणखी वाढू का विचारलं, तर मी डोळे मिटून "हो" म्हटलं. दुसऱ्या दिवशी शाळेत, माहेरी, भाजीवालीपाशी, सगळीकडे मी सांगितलं की मी काल कुणाकडे जेवले.

मोरेबाईंच्या कानावर गेलंच. त्या आठवड्यात त्यांनी मला पुन्हा बोलावलं. ताट वाढलं आणि विचारलं, "सरोज, आज जेवणार आहेस की क्रांती करणार आहेस? क्रांती असेल तर भाजी जरा जास्त करते. मागच्या वेळी आईला कमी पडली."

त्यानंतर मी त्यांच्याकडे कितीतरी वेळा जेवले. कुणाला सांगितलं नाही. आता सांगते आहे, हा भाग वेगळा.

खरा प्रकार घडला तो आमच्या जुन्या मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या तेव्हा. मोबाइल नुकते आले होते आणि नानासाहेब तो शर्टाच्या खिशात बाहेरून दिसेल असा ठेवायचे. नानासाहेब म्हणजे शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष, निवृत्त वकील, गोरेपान, बोलणं तुपासारखं. नोकरीत सगळ्यांत जुन्या मोरेबाई. त्यांच्यानंतर मी. कागद पाहिला तर प्रश्नच नव्हता. पण आमच्या शाळेत एक रीत होती. शाळेच्या गणपतीची आरती मुख्याध्यापिका करायची आणि खिरापत तिच्या घरून यायची. सुकं खोबरं, खारीक, खसखस, खडीसाखर, तिने स्वतः कुटलेली. पितळेच्या डब्यातून ती स्वतः सगळ्यांना हातावर द्यायची: मुलींना, शिक्षकांना, कमिटीला आणि कमिटीच्या बायकांना.

आता लक्षात आलं ना, कुठे अडलं ते. मुख्याध्यापिकेची खुर्ची मोरेबाईंना द्यायला कमिटीची तशी ना नव्हती. खिरापतीला होती.

नानासाहेब आधी माझ्याकडे आले. "सरोजताई, तुम्ही तयार असा," म्हणाले. मी अतिशय उदात्त चेहरा करून म्हटलं, "मोरेबाईंचा हक्क आहे." ते म्हणाले, "हक्क आहेच हो." मी पुन्हा तोच चेहरा केला. आणि त्याच संध्याकाळी नई सडकेवर जाऊन मुख्याध्यापिकेला शोभेल अशा फ्रेमचा चष्मा पाहून आले. घेतला नाही. फक्त पाहिला. दोनदा घालून पाहिला.

मग कमिटीने आम्हा दोघींना ऑफिसात बोलावलं. मला का, ते मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, मोरेबाईंनी खुर्ची सोडली की ती लगेच उचलायला कुणी तरी जवळ हवं होतं. नानासाहेब होते, सेक्रेटरी दिघे होते. चहा आला.

"मोरेबाई," नानासाहेब म्हणाले, "तुमच्या योग्यतेबद्दल प्रश्नच नाही."

"मग कशाबद्दल आहे?"

"प्रश्न असा नाही. तुमच्या आईंची तब्येत, मुरारचं अंतर..."

"आईला माझी बहीण बघते. आणि मुरार इतकी वर्षं जिथे होतं तिथेच आहे. मला कधी उशीर झालेला नाही."

दिघे म्हणाले, "पालकांचाही विचार करावा लागतो, मॅडम. मीटिंग, फंक्शन..."

"पालकसभा मीच घेते. तुम्ही येत नाही, म्हणून ठाऊक नसेल."

नानासाहेबांनी कप खाली ठेवला. "हे बघा, शाळेच्या काही परंपरा आहेत. गणपती असतो, खिरापत असते. ती मुख्याध्यापिकेच्या घरून येते. आता आम्ही काही मानत नाही हो. पण लोक..."

"लोक काय?"

"लोक म्हणजे... जुनी माणसं. त्यांना जरा..."

"जरा काय?"

नानासाहेब थांबले. मोरेबाईंनी पर्स मांडीवर घेतली, दोन्ही हात तिच्यावर ठेवले. "तुम्ही वाक्य पुरं करा, नानासाहेब. मग मी उत्तर देते."

पंखा फिरत होता. दिघे साखर ढवळत होते, चहा संपलेल्या कपात. मला सांगा, आयुष्यभर कोर्टात उभा राहिलेला माणूस, आणि एवढासा तीन अक्षरांचा शब्द. तो शब्द त्यांच्या घरात रोज कुणा ना कुणाच्या तोंडी असेल. तोंड उघडलं, मिटलं. मोबाइल वाजतो का ते पाहिलं. तो वाजेना. मोरेबाई तशाच बसलेल्या, मुलीला वेळ देणाऱ्या बाईसारख्या. मला वाटलं, आपण काहीतरी ठणकावून बोलावं. मी घसा साफ केला. मोरेबाईंनी माझ्याकडे न पाहता हात जरासा वर केला. मी गप्प बसले. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत उपयोगी भाषण असावं.

शेवटी नानासाहेब म्हणाले, "काही नाही. काही नाही. अभिनंदन."

म्हणजे तो शब्द उच्चारण्यापेक्षा त्यांना शाळा देऊन टाकणं सोपं गेलं.

आम्ही दोघी चालत बाड्याच्या चौकाकडे निघालो. मला आनंद झाला होता, आणि चष्म्याचं थोडं वाईट वाटत होतं. मी म्हटलं, "मोरेबाई, तुम्ही तर पूजा करतच नाही. घरात गणपती नाही. आरती मी करणार नाही, असं सांगितलं असतं तर तो बिचारा तिथेच सुटला असता."

"विचारलं का त्याने?"

"नाही, पण..."

"मग? न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊन त्याला घरी पाठवू? एवढी वर्षं काय शिकलीस माझ्याकडून?"

पोस्ट ऑफिसच्या पायऱ्यांपाशी त्या थांबल्या. छत्रीवर भार टाकून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तो बोलला असता, तर मी हरले असते बरं का. बोलला असता आणि तुला खुर्ची दिली असती, तर मी काय करणार होते? कोर्टात वीस वर्षं घालवणार? तुझ्या हाताखाली नोकरी केली असती. आणि तू माझ्याशी फार चांगली वागली असतीस, सरोज. रोज. ते मला सहन झालं नसतं."



भाद्रपदात गणपती आला. सकाळपासून कमिटीची माणसं घरातलं कुणी तरी गेल्यासारखे चेहरे करून हॉलमध्ये हजर. बायका जरीच्या साड्यांत. मोरेबाई आल्या, खळीची पांढरी साडी, हातात पितळेचा डबा. तबक पुढे आलं. त्या म्हणाल्या, "आरती नानासाहेब करतील. माझ्या घरी देव नाही, मला ती येत नाही." हॉलभर सुटकेचा असा निःश्वास गेला की निरांजन विझायचं राहिलं. नानासाहेबांनी मोठ्या आवाजात, कधी नव्हे ते सगळी कडवी म्हटली.

आरती संपली. मोरेबाईंनी डब्याचं झाकण काढलं.

"खिरापत मात्र रीतीप्रमाणे माझ्या घरची आहे," म्हणाल्या. "रात्री मी आणि आईने कुटली."

मी लगेच पुढे. पहिला हात माझा. सगळ्यांना धडा मिळावा, असा मी हात पसरला होता. मोरेबाई हळूच म्हणाल्या, "तू मागे जा. तू खाल्लंस की बाकीच्यांना वाटेल, सगळ्यांच्या वतीने झालं." मला त्यांनी बालवाडीतल्या मुलींच्या मागे उभं केलं. मी गेले.

मग त्या एकेकापुढे गेल्या. जिने आयुष्यभर गजक ठेवून पाठ फिरवली, ती बाई त्या दिवशी पाठ फिरवायला तयार नव्हती. चिमूट हातावर ठेवायची आणि समोर उभं राहायचं, घास गळ्याखाली उतरेपर्यंत.

दिघे म्हणाले, "मॅडम, मला शुगर आहे."

"तुम्हाला खोबरं जास्त, साखर कमी. हे घ्या, वेगळं केलं आहे."

जोशीबाई तोवर निवृत्त झाल्या होत्या, पण गणपतीला यायच्या. "माझा आज उपास हो इंदू."

"म्हणून तर खसखस घातली नाही या वेळी. उपासाला चालेल."

नानासाहेबांनी खिरापत घेतली, कपाळाला लावली, भक्तिभावाने खिशातून रुमाल काढला आणि त्यात ठेवू लागले. "घरी नेतो. हिला बरं नाही आज."

"वहिनींसाठी पुडी बांधून ठेवली आहे, ती जाताना देते," मोरेबाई म्हणाल्या. "ही तुमची."

हॉलमध्ये सगळ्या मुली बघत होत्या. मुलींना काय चाललंय ते कळत नव्हतं, त्यांना फक्त आपला नंबर कधी येतो याची घाई होती. नानासाहेबांनी चिमूट तोंडात टाकली. चावली. मोरेबाई हलेनात. गिळली.

"कशी झाली आहे?"

"छान," नानासाहेब म्हणाले. आणि खोटं नव्हतं ते. छानच झाली होती. माझ्यापर्यंत पोचेस्तोवर डब्यात भुगाच उरला होता, पण तोही छान होता.

ही गोष्ट इथे संपवली असती तर मी फार मोठी लेखिका झाले असते. पण पुढच्या वर्षी श्रावणातच कमिटीने ठराव केला की स्वच्छतेच्या दृष्टीने प्रसाद यापुढे बाड्यावरच्या हलवायाकडून बंद पाकिटातून आणला जाईल. एक पाकीट, दोन पेढे. ठरावात कुणाचं नाव नाही. स्वच्छतेच्या विरुद्ध कोण बोलणार? मी चिडून मोरेबाईंच्या ऑफिसात गेले, तर त्या हसत होत्या. पोट धरून. "अगं, एक माझा हात टाळायचा म्हणून यांनी सगळ्यांचेच हात बंद केले. आता जोशीबाईंच्या हातचंही कुणी खायचं नाही, नानासाहेबांच्या हातचंही नाही. एवढी समता तर मलासुद्धा आणता आली नसती."

हसून झाल्यावर चष्मा पुसला. मग बराच वेळ पुसतच राहिल्या.

निवृत्त होईपर्यंत त्यांनी ती पाकिटं वाटली. एकही वर्ष न चुकता, हसून. शाळा उत्तम चालवली. त्यांच्यानंतर खुर्ची माझ्याकडे यायची होती, पण नानासाहेबांच्या भाचीला ती मिळाली. माझं नाव तेव्हा कुणाला आठवलं नाही, कारण तोवर मी 'त्यांच्यातली' झाले होते. मोरेबाई म्हणाल्या, "बघ, भाकरी पचली तुला."

पाकिटांची रीत मात्र टिकली. नानासाहेब गेले, दिघे गेले, हलवायाने दुकान मोठं केलं. का सुरू झालं ते कुणाला ठाऊक नाही. परंपरा आहे म्हणतात.

मागच्या गणपतीला आम्हा दोघी म्हाताऱ्यांना शाळेने बोलावलं होतं. नवीन मुख्याध्यापिका तरुण, चटपटीत, अर्धं हिंदीत बोलणारी. आडनाव काय ते मी विचारलं नाही, आणि विचारलं नाही याचा मला थोडा अभिमान वाटला, म्हणजे बघा मी किती सुधारले. टेबलावर पाकिटांचा डोंगर. मोरेबाई खुर्चीवर बसल्या होत्या, ऐंशीच्या पुढे, पाठ वाकलेली. त्यांनी एका मुलीला आरतीचं मोठं तबक आणायला सांगितलं. तबक मांडीवर घेतलं आणि एक पाकीट फाडलं. दुसरं फाडलं. पेढे तबकात पडू लागले. बोटांत जोर नव्हता, म्हणून काही दातांनी फाडली.

"मॅडम, ये क्या कर रही हैं आप?" नवी मुख्याध्यापिका धावत आली. "पाकिटंच द्यायची असतात. हायजीनचं असतं ना."

"हात धुतले आहेत मी," मोरेबाई म्हणाल्या. "तू पण धुऊन ये. खूप आहेत, एकटीने होणार नाही."

ती पोरगी क्षणभर उभी राहिली. कमिटीच्या रांगेकडे एकदा पाहिलं तिने. मग नळाकडे गेली. परत येऊन जमिनीवर बसली आणि पाकिटं फाडायला लागली. मोरेबाई पेढे कुस्करत होत्या, कारण अख्खा पेढा लहान मुली टाकून देतात. मुलींचा घोळका पडला. हातावर हात, मुठीवर मुठी, एकीच्या हातातलं दुसरीच्या तोंडात. मला मोरेबाईंनी या वेळी रांगेत उभं केलं नाही. माझे गुडघे त्यांना ठाऊक होते.

निघताना बघतो तर नळाचं पाणी गेलेलं. त्यांचे दोन्ही हात, बोटं, तळवे, मनगटापर्यंत पेढ्याने माखलेले. रुमालाला पुसा म्हटलं तर नको, रुमाल चिकट होतो. तशाच ई-रिक्षात बसल्या, दोन्ही हात हवेत धरून. मी पदर नीट करून दिला आणि छत्री मांडीवर ठेवली.

रिक्षावाला म्हणाला, "अम्मा, पकड़ के बैठो, आगे गड्ढे हैं."

"हाथ मीठे हैं भैया, कैसे पकड़ूँ. तुम ही धीरे चलो."

तो धीरे चालला. मागे टेम्पो, त्याच्यामागे दुसरा टेम्पो, सगळे हॉर्न देत होते. नई सडकेच्या भर गर्दीत ती रिक्षा मधोमध, बैलगाडीच्या चालीने जात होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंनी मोरेबाईंचा एकेक हात बाहेर आलेला, बोटं पसरून, वाऱ्यावर वाळत घातल्यासारखा.